बाराव्या चित्रातले माड

३ फेब्रुवारी १९८१, मंगळवार

पार्सल आलं. उघडलं नाही.

ते जिथून आलं तिथली कोरडी हवा आणि हवाईतल्या आमच्या हिलोचा हा पाऊस — कागदाला या दोन्हींच्या मध्ये एक दिवस तरी मिळायला हवा, नाहीतर तो आक्रसतो. टपालवाल्यानं सही घेताना विचारलं, "आत काय आहे?" म्हटलं, "माझं गाव." तो हसला. मी चेष्टा केली नव्हती.

दिवसभर पार्सलकडे पाठ करून चौकटींच्या लाकडावर रंधा मारत बसलो. दुपारी लाहेला दुकानात डबा घेऊन आली. "मी तापानं फणफणले होते तेव्हा बायकोला इतकं जपलं नव्हतंस." मग ओणवी होऊन, हात न लावता पाहिलं. "हेच का ते, ज्याच्यासाठी मासेमारीची नाव विकलीस?"

हो.

"म्हणजे नाव विकून नावांचं चित्र घेतलंस."

बरोबरच होतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

हात धुतले. प्रार्थना केली. मग दोरा कापला.

दोन तळहातांएवढा कागद. जलरंग. कोपऱ्यात साल, १८५३, आणि नावाची नुसती दोन अक्षरं. विकणाऱ्या म्हाताऱ्यानं पत्रात लिहिलं होतं — देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या एका जहाजाच्या कप्तानाची बायको. नवरा गोड्या पाण्याची पिंपं भरून घेत होता तेवढ्या वेळात तिनं किनाऱ्यावर बसून काढलं असावं.

होनोआला. आमची खाडी.

ओढा आहे. देवळाला अजून मनोरा नाही. वाळूवर पाच नावा ओढून ठेवलेल्या. अळवाच्या खाचरांत एक बाई वाकलेली — नुसता लाल ठिपका, पण कंबर दुखत असणार हे कळतं. आणि ओढ्याच्या वळणावर, जिथे पुढे आमचं घर झालं तिथे, एक नीरफणसाचं झाड. माणसाच्या उंचीचं! कुणीतरी नुकतंच लावलेलं. त्याच्या भोवती गुरं येऊ नयेत म्हणून दगडांचं कडं केलं आहे.

त्या झाडावर चढून मी पडलो होतो. हनुवटीवर अजून खूण आहे. मी चढलो तेव्हा दोन माणसांच्या कवेत मावत नव्हतं ते. आणि हा लावणारा! त्यानं पाणी घातलं असेल, आणि त्याच दुपारी एक परकी बाई समोर बसून त्याच्या रोपट्यावर हिरवा रंग टेकवत होती. दोघांनाही काय माहीत.

खुर्चीत बसलो तो किती वेळ उठलोच नाही. एक गिऱ्हाईक आलं, दार ढकलून पाहिलं आणि देवळात शिरल्यासारखं हळूच परत गेलं.

५ फेब्रुवारी

आता आमच्या गावाची बारा चित्रं झाली. सव्वीस वर्षं.

पहिलं मिळालं ते फुटकी काच बदलायला आलेलं. एक डॉक्टर वारला होता, त्याच्या सामानातलं. तांब्यावर कोरून छापलेलं. पलटून पाहिलं — चौकटी करणारा आधी पाठ पाहतो — तर खाली लिहिलेलं, होनोआला. मी बावीस वर्षांचा होतो. गाव दिसून नऊ वर्षं झाली होती. सेहेचाळीसच्या एप्रिलमध्ये एका सकाळी लाट आली आणि घरं, देऊळ, नावा, माणसं, सगळं घेऊन गेली. आईबाप आणि आजोबाही. शाळा टेकडीवर होती म्हणून मी आहे.

घरोघरचे फोटोही गेले. आपलं दार कसं होतं हे नऊ वर्षं नुसतं आठवून पाहत होतो, आणि आठवून आठवून ते झिजत चाललं होतं. मग एका मेलेल्या डॉक्टरच्या भिंतीवरून उतरून ते माझ्या बाकावर आलं. त्या दिवशी देवाला म्हटलं, तू नेतोस आणि ठेवतोसही.

८ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर मेलेआना आत्याला घरी सोडलं. चौऱ्याऐंशीची आहे, पण गाडीचं दार कुणाला उघडू देत नाही. सांगितलं, "आत्या, बारावं आलं. आपला नीरफणस आहे त्यात, एवढासा. बघायला ये."

"मी मोठा बघितलाय."

कधीच येत नाही. सव्वीस वर्षांत एकही चित्र तिनं पाहिलेलं नाही.

का, ते मला ठाऊक आहे. इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहू? आमच्या घराण्यातल्या पूर्वजांची हाडं होनोआलाला ठेवलेली आहेत, कापडात बांधून. कुठे, हे एका पिढीत एकालाच ठाऊक असतं. तो म्हातारा झाला की पुढच्या एकाला नेऊन दाखवतो. बोलून सांगायचं नाही, लिहायचं नाही. हाडं उघड्यावर आली की घराणं उघड्यावर आलं, असं आमच्यात मानतात. आणि चोर होतेच. पेट्या भरभरून हाडं जहाजांत चढलेली आहेत, कुठल्या कुठल्या शहरांतल्या कपाटांत पडली आहेत.

आजोबांनी आत्याला दाखवलं होतं. लाट आली त्या दिवशी ती इथे हिलोत नर्स होती, म्हणून वाचली. आता आमच्या पिढीत मी थोरला. तिशीत वाटायचं, यंदा बोलावेल. चाळिशीत एकदा धीर करून विचारलं. ती तेव्हा मासा साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "सोलो, तुझ्या हातात काही दिलं की तू ते भिंतीवर टांगतोस."

पुन्हा विचारलं नाही. पण दर रविवारी तिला घरी सोडतो तेव्हा गाडीतून उतरताना ती क्षणभर थांबते, आणि मी चावी न फिरवता बसून राहतो. मग ती म्हणते, "पुढच्या रविवारी." आणि तो निरोपच असतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

होनोलुलूच्या संग्रहालयातल्या नागामिने बाई विमानानं आल्या. तिशीच्या, चष्मा, बोलणं मऊ. माझ्यासाठी सुक्या बोरांचा डबा आणला होता. बूट दाराबाहेर काढून आत आल्या आणि बारा चित्रांसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. मग चष्मा पुसला.

"काका, एका गावाची शंभर वर्षं कुणी अशी गोळा केलेली मी पाहिली नाहीत."

मी म्हटलं, "गाव लहान होतं. सोपं गेलं."

त्यांना जूनमध्ये प्रदर्शन करायचं आहे. अख्खं दालन. सगळी बारा, सोबत छापील पुस्तक, माझं नाव. मग माझ्या तोंडून निघून गेलं — "बाई, ही सालांच्या क्रमानं एका ओळीत लावा. पण चौकटी सरळ रेषेत नकोत, क्षितिजं सरळ रेषेत हवीत. म्हणजे समुद्र पहिल्या चित्रात सुरू होईल तो शेवटच्यापर्यंत तुटणार नाही." त्यांनी माझा हातच धरला. "आणि शेवटी आजचा फोटो! त्याच जागेवरून!"

बाई गेल्यावर लाहेला म्हणाली, "तुला लाजता येतं हे लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर कळलं."

आज झोपण्याआधी देवाचे आभार मानले. तेराव्या वर्षी टेकडीवरून खाली पाहिलं तेव्हा चिखलाखेरीज काही नव्हतं. आता लोक रांगेत उभे राहून आमचं गाव बघणार.

२२ फेब्रुवारी

आत्याला सांगितलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "शेवटी आजचा फोटो कशाला?"

"तुलना करायला."

"हं."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

नागामिने बाईंना पुस्तकासाठी माझ्या आठवणी हव्यात. एक लिहून पाठवली. इथेही उतरवतो.

मी सहा-सात वर्षांचा. एक चित्रकार बाई मोटारीतून आली, मोठी टोपी, घडीचं स्टूल. आजोबा गावात कुणाशी बोलत नसत. पाळकांनी हाक मारली तरी नुसती मान हलवायचे. पण त्या दिवशी जाळं टाकून देऊन तिच्या शेजारी वाळूवर जाऊन बसले. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. बोलत होते, हात करून काही दाखवत होते, दोघं हसलेसुद्धा. निघताना तिला वाळवलेल्या माशांची माळ दिली, हिवाळ्यासाठी ठेवलेली, चांगली. आजी चार दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

मला वाटायचं, आजोबांना चित्रांची आवड आहे. ती माझ्यात उतरली.

त्या बाईचं ते चित्र मला सत्तर साली मिळालं. अकरावं.

३ मार्च

पाऊस. काच आली, दोन फुटल्या. कोआ लाकडाचा शेवटचा चांगला तुकडा बाराव्यासाठी ठेवला आहे.

८ मार्च, रविवार

प्रार्थनेनंतर दुकानाच्या लांब भिंतीवर दोरी ताणली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सालांच्या क्रमानं बाराही चित्रं त्या दोरीला क्षितिजं लावून टांगली. दूर जाऊन वळलो.

काय सांगू! समुद्र भरला होता खोलीत. नावा येतात, जातात, जहाजांची शिडं जाऊन धुराडी येतात, देवळाला मनोरा फुटतो, नीरफणस उंच होत जातो, होत जातो, पण पाण्याची ती एक रेघ तशीच. गुडघे टेकले. देवळात टेकतो त्याच गुडघ्यांनी.

उठताना डोळे एका गोष्टीवर गेले. बाकी सगळं हलतं. डोंगर कुणी उंच काढलाय, कुणी ठेंगणा. ओढा कुणाचा रुंद, कुणाची वाळू पिवळी, कुणाची काळी. एक गोष्ट हलत नाही. उत्तरेच्या कड्याखाली माडांची राई. बाराही चित्रांत. त्याच जागी, तेवढीच दाट.

गंमत वाटली. मी तिथे वाढलो. उत्तरेच्या कड्याखाली नागडा काळा खडक होता. लाटांचा खारा फवारा तिथे बारा महिने. खेकड्यालासुद्धा सावली मिळत नसे.

कधीकाळी असतील, मेले असतील.

१० मार्च

मातीच नाही तिथे. माड उभे कशात राहणार?

आणि अकराव्या चित्रातही आहेत. ते तर माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं.

१४ मार्च, शनिवार

नागामिने बाईंचा फोन. फोटोग्राफर ६ एप्रिलला येतो आहे. जागा मी दाखवायची. बोलता बोलता माडांचं काढलं — त्या वेळी मला अजून काही कळलेलं नव्हतं, देव मला क्षमा करो. त्या हसल्या. "चित्रकारांची जुनी खोड, काका. एकानं माड काढले की बाकीचे उचलतात. माडांशिवाय बेट विकलं जात नाही."

असेल. पण चौथं एका बोटीवरच्या नोंदवहीत शंभर वर्षं मिटून पडलेलं होतं. सातवं एका पाळकाच्या मुलीचं, ते घराबाहेर कधी गेलंच नाही. ही कुणी कधी पाहिली आणि कुणी उचलली?

१७ मार्च, मंगळवार

बाराव्याच्या पाठीला जुना आम्लाचा, कागद खाणारा पुठ्ठा चिकटवलेला आहे. तो काढल्याशिवाय चौकटीत घालणं म्हणजे विष पाजणं. ओला टीपकागद वर ठेवून खळ मऊ होऊ दिली. घाई नाही. बोटाच्या नखाएवढा भाग एका वेळी.

१९ मार्च, गुरुवार

पुठ्ठा निघाला. पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. कप्तानाच्या बायकोचं अक्षर, बारीक, उजवीकडे कललेलं.

"सगळा वेळ एक म्हातारा माझ्याजवळ बसून होता. म्हणाला, या कड्याखाली माड काढ. मी म्हटलं, तिथे माड नाहीत. तो म्हणाला, म्हणूनच काढ. मी काढले. त्यानं मला मासा दिला."

२० मार्च

दुकान उघडलं नाही.

२२ मार्च, रविवार

देवळात एकही शब्द कानात गेला नाही. देवानं मात्र मला तिथे बसवून सगळं पुन्हा दाखवलं.

शंभराच्या वर वर्षं. दर वेळी कुणी ना कुणी उठून चित्रकाराच्या शेजारी जाऊन बसलं. १८२५ साली जहाजावरचा चितारी आला, जाऊन बसले. कप्तानाची बायको आली, जाऊन बसले. हाकलून लावलं नाही, दगड मारला नाही, काढू नका म्हटलं नाही — नाही म्हटलं की माणूस नेमकं तिथेच बघतो. गोड बोलले, मासा दिला आणि एक राई मागून घेतली. एक म्हातारा गेला की त्याच्या जागी दुसरा. ज्याला ठाऊक असेल तो.

आणि आजोबा. ते कुणाशीच न बोलणारे आजोबा दिवसभर हसत-बोलत वाळूवर बसले होते, ते चित्राच्या आवडीनं नव्हे. ते राखण करत होते. मी शेजारी शिंपले वेचत होतो.

एकेका चित्रात काही नाही. माडांची राई, झालं. पण बारा एका दोरीला टांगली, शेजारी नागड्या खडकाचा फोटो ठेवला, की आंधळाही विचारेल — शंभर वर्षं सगळ्यांनी इथे काय झाकलं? ज्यांनी झाकलं त्यांना हे सुचणं शक्य नव्हतं, की पुढे त्यांच्याच रक्ताचा एक माणूस सव्वीस वर्षं खपून सगळी झाकणं एका जागी आणेल. क्षितिजं जुळवून.

वरची उसाची जमीन कुठल्या तरी हॉटेलवाल्यांनी घेतली आहे म्हणतात. मोजणीची माणसं हिंडत असतात. प्रदर्शनाला तेही येतील. येणारच.

आत्या, तू म्हणालीस ते खरं होतं. मी भिंतीवर टांगलं.

२४ मार्च

लाहेलाला काय सांगू? काही नाही. तिनं ताटात मासा जास्त वाढला आणि विचारलं नाही. या बाईवर देवानं माझ्यापेक्षा जास्त वेळ खर्च केला आहे.

१ एप्रिल, बुधवार

लाटेचा दिवस. दरवर्षीसारखं आत्याला घेऊन होनोआलाला गेलो. उरलेसुरले नऊजण. भजन म्हटलं, फुलं पाण्यात सोडली. ती आधी परत किनाऱ्याकडे आली, मग ओहोटीनं नेली.

मग पाण्याशी मी एकटा उरलो, तेव्हा मोह झाला. खोटं कशाला लिहू? नुसती मान वळवायची होती. इतकी वर्षं ज्यासाठी आत्याच्या गाडीतून उतरण्याकडे डोळे लावून बसलो, ते माझ्या डाव्या खांद्यामागे पन्नास पावलांवर होतं. डोळे शोधून काढतील अशी एखादी भेग, एखादा रचलेला दगड. मला ठाऊक होतं कुठे बघायचं. सगळ्या हवाईत बहुधा आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

पण मला कुणी दाखवलेलं नव्हतं. सापडलेलं आणि दाखवलेलं यांत फरक आहे. चोरालाही सापडतंच.

समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. एक स्तोत्र मनात म्हटलं, मग पुन्हा तेच. मान वळवली नाही. आमच्या माणसांच्या इतक्या जवळ मी कधीच उभा राहिलो नव्हतो, आणि पाठीवर ऊन पडावं तसं ते जाणवत होतं — आहेत. सगळे आहेत. लाटेनं त्यांना नेलं नाही.

आत्या वाळूतल्या ओंडक्यावर बसलेली. दरवर्षी तिथेच बसते. माझ्याकडे बघत होती. किती वेळ, कोण जाणे.

परतताना गाडीत म्हणाली, "आज समुद्रात काय होतं एवढं बघायला?"

"पाणी."

"हं."

३ एप्रिल, शुक्रवार

नागामिने बाईंना फोन केला. चित्रं देत नाही म्हटलं.

"काका, चेष्टा करताय ना?"

"नाही, बाई."

"दुसऱ्या कुणी मागितली का? आम्ही तुमचं नाव दारावर लावू. पुस्तक अर्धं छापून झालंय!"

"कुणी मागितली नाहीत."

"मग कारण तरी सांगा. मी वरिष्ठांना काय सांगू?"

"चौकटीवाला लहरी निघाला म्हणून सांगा."

त्या म्हणाल्या, "तुम्ही लहरी नाही. म्हणून जास्त लागतंय." आणि ठेवला.

दोरी उतरवली. चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली.

१९ एप्रिल, ईस्टर

देवळात सगळे गात होते, मीही गायलो. प्रभूच्या कबरीवरचा दगड लोटलेला होता आणि आत कुणी नव्हतं. दरवर्षी ऐकतो. आमच्याकडे उलटं आहे. आमचा दगड कुणी लोटू नये, आत सगळे आहेत.

देवाला यातलं दोन्ही समजत असणार.

२७ एप्रिल

एकत्र ठेवायची नाहीत. जाळायचीही नाहीत. आमच्या म्हाताऱ्यांनी हात न उगारता, गोड बोलून मिळवलेली आहेत ती. एकेक करून वाटायची. एका बेटावर एक, एका घरात एक, कुणाला दुसऱ्याचा पत्ता नाही. छापील चित्रांच्या आणखी प्रती जगात कुठे कुठे असतील. असोत. त्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याजवळ बाकीची नाहीत, आणि तो खडक पायाखाली घेऊन वाढलेला माणूस नाही.

पहिलं — डॉक्टरचं — मोलोकाई बेटावरच्या एका शाळेला टपालानं पाठवलं. टपालवाल्यानं विचारलं, "आत काय आहे?" म्हटलं, "चित्र."

५ मे

तिसरं, पाचवं, आठवं गेली.

१३ मे

अकरावं बांधताना हात थांबला. आजोबा चित्रात नाहीत, पण त्या माडांत आहेत ना! प्रत्येक झावळी त्यांनी सांगितलेली. लाहेला जवळ आली, तिनं दोऱ्याच्या गाठीवर बोट ठेवलं, मी गाठ मारली.

"कारण विचारू का?" म्हणाली.

"नको."

"बरं." मग थोड्या वेळानं, "पण नाव मात्र परत घेऊ. मासे चित्रातून पकडता येत नाहीत."

२४ मे, रविवार

आत्या आली!

प्रार्थनेनंतर गाडीत बसल्यावर म्हणाली, "तुझ्या दुकानात चल." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दार स्वतः उघडलं. काठी टेकत मधोमध उभी राहिली. भिंतीवर खिळे आणि फिकट चौकोन.

"लाहेला म्हणाली, तू गाव वाटून टाकलंस."

"हो."

"सगळं?"

एक राहिलं होतं. बारावं. पाठीला नवा कागद लावून मी ती पाठ कधीच बंद केली होती. काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. कागद डोळ्यांपासून दूर धरला, जवळ धरला. बाईचा लाल ठिपका पाहिला. नीरफणसापाशी आली तेव्हा तिचा ओठ हलला. "केवढंसं," म्हणाली. मग बोट उत्तरेकडे गेलं, कड्याखाली थांबलं. तिथेच राहिलं.

पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"माड चांगले आलेत," ती म्हणाली.

"हो, आत्या. चांगले आलेत."

तिनं चित्र माझ्या हातात परत दिलं. लाहेलानं केलेली अळवाच्या कंदांची पोई खाल्ली, तिला म्हणाली पाणी जास्त झालंय. मी तिला घरी सोडलं. उतरताना ती क्षणभर थांबली.

"पुढच्या रविवारी," म्हणाली. मग दार न लावता, वाकून आत पाहत, "देवळात नको येऊस. पहाटे माझ्याकडे ये. जुने बूट घाल. आणि ती तुझी वही — लाहेला सांगते तू रोज लिहितोस ती — तिचं काय ते बघ."

३० मे, शनिवार

चार दिवस दुकान बंद ठेवून ही वही पहिल्या पानापासून पुन्हा लिहून काढली. जुनी चुलीत घातली. माणसं, लाट, प्रार्थना होती तशीच उतरवली. खाडीचं नाव तेवढं दुसरं आहे, दिशा दुसरी आहे, आणि जिथे काही नव्हतं तिथे मीही माड लावले.